थ्री-नॉट-थ्री: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

लष्करातून बाहेर पडलेल्या जुन्या रायफली जमवणाऱ्या आणि रेंजवर चालवणाऱ्या वाचकांची बहुतेक पत्रं ब्रिटिश लष्कराच्या .३०३ रायफलीबद्दल, म्हणजे ली-एनफिल्डबद्दल आहेत. म्हणून या वेळी फक्त तिचेच प्रश्न घेतले आहेत. नंबर १, नंबर ४, नंबर ५ ही तिची मॉडेलं.

मेलबर्नला राहतो. परवाना आहे, क्लबचा सभासद आहे. १९४२ सालची, ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याची नंबर १ मार्क ३ स्टार विकायला आली आहे. दिसायला सुरेख आहे. पैसे देण्याआधी काय पाहू?

दिसण्याकडे शेवटी बघा, आधी बोल्ट, म्हणजे काडतूस नळीच्या मागच्या भागात (चेंबरमध्ये) ढकलून बंद करणारा सरकता दांडा. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी मागे कोरलेला नंबर आणि रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या चौकटीवरचा) नंबर एकच हवा. ली-एनफिल्डचे लॉकिंग लग, म्हणजे बंद बोल्ट अडकवून धरणारे उंचवटे, बोल्टच्या मागच्या अंगाला असतात. दोन्ही लगांवर सारखा भार यावा म्हणून कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या रिसीव्हरला घासून बसवलेला असतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्टही आत सरकतो, बंदही होतो, पण मग सगळा भार एकाच लगवर येऊ शकतो. नंबर जुळत नसेल तर आर्मररकडून (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडून) लग तपासून घेतल्याशिवाय गोळी चालवू नका. नुसतं बोल्टचं पुढचं डोकं बदलून हा दोष जात नाही.

मग हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या पुढे काडतुसाला मिळणारी जागा. .३०३ चं काडतूस रिमवर (बुडाच्या कडेवर) टेकतं, त्यामुळे रिमला किती जागा मिळते ते मोजायचं. ब्रिटिश लष्कराच्या मापाप्रमाणे ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर होता कामा नये. गेज घालून बोल्ट बोटाच्या टोकाने हळू फिरवायचा. जोर लावलात तर तो नको तिथेही बंद होईल आणि गेजही खराब होईल. नंबर ४ रायफलीच्या बोल्टहेडवर ० ते ३ असे आकडे असतात, आकडा मोठा तसं डोकं लांब. तरीही आकड्यावर विसंबू नका, कॅलिपरने मोजा, कारण एकाच आकड्याची दोन डोकी सारख्या लांबीची असतीलच असं नाही. नंबर १ ला असे आकडे नसतात. तिथे चार-पाच बोल्टहेड लावून बघणं हाच उपाय. नवं डोकं हाताने पूर्ण आवळल्यावर त्याचा कान बोल्टच्या कण्याच्या रेषेत थांबायला हवा. १५-२० अंशांपेक्षा जास्त पुढे फिरत असेल तर ते डोकं त्या बोल्टसाठी नाही.

नळीचं तोंड उजेडात धरून पाहा. पुल-थ्रूची (नळी साफ करायची) दोरी वर्षानुवर्षं एका बाजूला घासून ओढली गेली असेल तर भोक अंडाकृती होतं. चेंबर स्वच्छ आणि नळीतल्या पिळाच्या खाचा ठसठशीत असूनही अशी रायफल ग्रुप देत नाही, म्हणजे गोळ्या एकत्र पडत नाहीत. सुटी .३०३ ची गोळी, जिवंत काडतूस नव्हे, टोकाकडून तोंडात घालून बघा. ती जवळजवळ पूर्ण आत गेली तर नळी झिजलेली आहे.

लिथगोच्या बाबतीत लाकडाची एक खास गोष्ट आहे. त्यांनी कोचवूड आणि क्वीन्सलँड मेपल वापरलं. कोचवूड मऊ असल्याने धक्का जिथे झेलला जातो त्या मागच्या दोन टेकूंवर तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. पुढचं लाकूड उतरवून त्या पट्ट्या जागेवर आहेत का आणि मागे चीर गेली आहे का ते पाहायला मिळालं तर सोडू नका. विक्रेता लाकूड उतरवू देत नसेल तर निदान मागच्या बाजूने, बट सॉकेटला (खांद्याला टेकणारा बट बसतो त्या भागाला) लाकूड भिडतं तिथे, बॅटरी मारून बघा. लाकडावर ‘स्लॅझ’ असा शिक्का दिसला तर ते रॅकेटवाल्या स्लॅझेंजरचं काम आहे. नळीवर ‘एच’ असेल तर ती जाड नळी आहे. स्पर्धकांमध्ये तिला मागणी असते, किंमतही तशीच.

कुठेही ‘डीपी’ दिसलं तर ती कवायतीची रायफल आहे. भिंतीवर शोभते, रेंजवर नेऊ नये. कवायतीकडे ढकलली जाण्याचं कारण दर वेळी बाहेरून दिसतंच असं नाही.

ऑकलंड. क्लबमधल्या एकाकडून ‘केएफ’ शिक्क्याची १९५० च्या दशकातली .३०३ ची काडतुसं मिळाली. त्याच संध्याकाळी नळी साफ करून भरपूर तेल लावलं, तरी आठवड्याने आत तांबडा गंज. तेल खराब होतं का?

तेलाचा दोष नाही. केएफ म्हणजे किरकी, आपल्या पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना. त्या काळच्या लष्करी .३०३ च्या प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसं नळीतलं हे मीठ हवेतली ओल खेचतं आणि पोलाद खायला लागतं. मीठ तेलात विरघळत नाही. तुम्ही तेल लावलंत तेव्हा मिठाचा थर तेलाखाली सुरक्षित राहिला. काळी पुटं काढणाऱ्या बहुतेक सॉल्व्हंटनीही तो जात नाही. त्याला पाणीच लागतं, आणि तेवढं पुरतं. काही जण काच पुसायचं अमोनियावालं द्रावण वापरतात. त्यात काम करतं ते पाणी, अमोनियाचा मिठावर काही परिणाम नाही.

रीत अशी. शक्यतो रेंजवरच, नाहीतर त्याच दिवशी घरी. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा. नळीचं तोंड खाली बादलीत ठेवा. चेंबरमध्ये नळी जोडलेलं नरसाळं घट्ट बसवा आणि एक-दोन लिटर उकळतं पाणी सावकाश ओता. नरसाळ्याची नळी सैल बसली तर पाणी लाकडाखाली शिरतं आणि नळीच्या बाहेरून, जिथे नजर पोचत नाही तिथे, गंज धरतो. पाणी उकळतं घेण्याचं कारण पोलाद तापलं की उरलेला ओलावा आपोआप उडतो. नळी पकडायला जाड फडकं घ्या, ती चटका देते. मग पुल-थ्रूला कोरडी चिंदी लावून चिंदी कोरडी बाहेर येईपर्यंत ओढा. लष्करी मापाची चिंदी ४ बाय २ इंचांची असते आणि तेलाची थोडी अरुंद, ४ बाय दीड, म्हणजे ती तेल निपटून न काढता मागे सोडते. दोरी ओढताना नळीच्या रेषेत सरळ ओढा. वर सांगितलेली तोंडाची झीज तिरक्या ओढीनेच होते.

बोल्टहेड फिरवून काढा. त्याचं तोंड, फायरिंग पिनचं भोक आणि एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याची) खाच ओल्या फडक्याने पुसून वाळवा. हा भाग लोक हमखास विसरतात, आणि वर्षभराने पिनच्या भोवती खड्डे दिसतात. त्यानंतर नेहमीचं सॉल्व्हंट, ब्रश, तेल. दोन दिवसांनी एक पांढरी चिंदी पुन्हा ओढून बघा. तांबूस आली तर पाण्यापासून सगळं पुन्हा.

तुमच्या नळीतला आठवड्याचा गंज वरवरचा असावा. पितळी ब्रश आणि तेल यांनी निघेल. निघाल्यावर खाली बारीक खड्डे दिसले तरी घाबरू नका. अशा नळ्याही बऱ्यापैकी नेम धरतात, फक्त साफ करायला जास्त वेळ घेतात.

या काडतुसांबद्दल आणखी एक सूचना. सत्तरएक वर्षांच्या दारूगोळ्यात ट्रिगर ओढल्यावर नुसतं ‘क्लिक’ आणि क्षणभराने धडाका, असं होऊ शकतं. पाकिस्तानी दारूगोळा कारखान्यांच्या, पीओएफ शिक्क्याच्या जुन्या .३०३ ची तर यासाठी जगभर ख्याती आहे. क्लिक झालं की रायफल खांद्यालाच ठेवा, तोंड लक्ष्याकडे, निदान ३० सेकंद. नंतर चेहरा बाजूला घेऊन बोल्ट उघडा. एकाच डब्यातल्या दोन-तीन काडतुसांनी असं केलं तर तो डबा चालवणं थांबवा.

टोरोंटो. कॅनडातल्या लाँग ब्रांच कारखान्याची नंबर ४ आहे. पहिल्या तीन-चार गोळ्या एकत्र पडतात, नंतरच्या वर वर चढत जातात. नळीत दोनच खाचा आहेत, त्यामुळे होत असेल का?

खाचांचा संबंध नाही. युद्धकाळात काम लवकर व्हावं म्हणून दोन खाचांच्या नळ्या काढल्या, आणि चपट्या बुडाच्या जॅकेटवाल्या गोळ्या त्यातून उत्तम जातात. तुमचा दोष लाकडात आहे.

नंबर ४ ची नळी मागे रिसीव्हरजवळ आणि पुढे लाकडाच्या टोकाशी टेकते, मधे मोकळी राहते. पुढच्या टोकाशी लाकूड नळीला खालून वर दाबतं, आणि तो दाब २ ते ७ पाउंडांच्या दरम्यान हवा. स्प्रिंगचा काटा नळीला अडकवून वर उचला. नळी लाकडावरून सुटते त्या क्षणी काट्यावर दिसेल तो दाब. काटा नसेल तर अंगठ्याने नळी खाली आणि बाजूला दाबून सोडा, ती परत मध्यावर आली पाहिजे. लाकूड सुकून वाकलं की दाब नाहीसा होतो किंवा एका बाजूला जातो. मग नळी तापून लांबली की तिची टेकायची जागा सरकते आणि गोळ्याही सरकतात. मधल्या भागात वरचं हँडगार्ड (नळीवरचं लाकूड) नळीला चिकटलेलं असेल तरी हेच होतं. नळीवर काजळी लावून जोडा, चार-पाच गोळ्या चालवा आणि उतरवून काळा डाग कुठे उमटला ते बघा.

त्याआधी मागची बाजू तपासा, कारण खरी गडबड बहुधा तिथेच असते. ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू एका छोट्या पोलादी नळकांडीतून जातो. लाकूड दबून किंवा सुकून त्या नळकांडीपेक्षा पातळ झालं तर स्क्रू कितीही आवळा, तो धातूला धातू आवळतो आणि लाकूड मधे सैलच राहतं. स्क्रू घट्ट असताना पुढचं लाकूड हाताने हलतंय का ते पाहा. हलत असेल तर लाकडाच्या बाजूला पातळ पट्टी घालून फट भरा. नळकांडी घासून छोटी करायचा सल्लाही मिळेल. तो घेऊ नका, घासलेला मूळ भाग परत येत नाही. याच कारणाने नंबर ४ मार्क १ चा ट्रिगरही बिघडतो. त्यात ट्रिगर हा ट्रिगर गार्डला अडकवलेला असतो, म्हणजे पर्यायाने लाकडाला, त्यामुळे लाकूड आक्रसलं की ट्रिगरच्या दोन टप्प्यांतली पहिली आणि दुसरी ओढ एकमेकांत मिसळतात. नेमलेली ओढ पहिली ३ ते ४ पाउंड, दुसरी ५ ते साडेसहा. १९४९ च्या मार्क २ मध्ये ट्रिगर थेट रिसीव्हरला टांगला, तो याचसाठी.

सॅन होजे. लाकडावर चिकट ग्रीस आणि काळे डाग आहेत. सँडपेपर मारून वॉर्निश करू का?

नको. सँडपेपरखाली शिक्के जातात, कडा गोल होतात, लाकूड धातूपेक्षा खाली बसतं आणि रायफलीची किंमत उतरते. ग्रीस उष्णतेने सुटतं. काळ्या पिशवीत गुंडाळून कडक उन्हात ठेवा, पाझरेल ते पुसा, आणि उरलेलं व्हाइट स्पिरिटने. मग कच्चं जवसाचं तेल, हाताने चोळून, पातळ. अर्ध्या तासाने राहिलेलं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असं आठवडाभर. तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि कापूस पेट घेतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

उतरवताना क्रम चुकवू नका. नंबर १ मध्ये पुढचं लाकूड आधी, मगच मागचा बट. बटच्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात बसवलेल्या एका पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर ठेवून मागून स्क्रूड्रायव्हर फिरवलात तर ते टोक लाकूड उभं चिरतं. बाजारात दिसणाऱ्या कितीतरी चिरा अशाच पडलेल्या आहेत.

एडिसन, न्यू जर्सी. इशापूरची २ए१ घ्यायची आहे. दुकानात मिळणारी .३०८ तिच्यात चालवावी का?

आधी कायदा. तुम्ही एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ वर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. रेंजवर भाड्याची हातात घेणंही त्यात येतं. वैध शिकार परवाना असल्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाकडून समजून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. न्यू जर्सीत रायफलीसाठी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांसाठी टाइप ०३ हा फेडरल परवाना आहे आणि मूळ स्वरूपातलं ५० वर्षांहून जुनं शस्त्र त्यात येतं, पण त्याने राज्याचे नियम सुटत नाहीत.

आता रायफल. २ए१ दिसते जुन्या नंबर १ सारखी, पण ती .३०३ ची बदललेली रायफल नाही. १९६० च्या दशकात बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने ७.६२ नाटोसाठी ती सुधारित पोलादात नव्याने घडवली. ओळख म्हणजे चौकोनी १२ गोळ्यांचं मॅगझिन आणि ८०० पर्यंतच्या खुणांची बॅकसाइट (नेम धरायची मागची साइट). आधीच्या २ए वर २००० पर्यंत खुणा असत.

.३०८ आणि ७.६२ नाटो बाहेरून सारखी असली तरी लष्करी चेंबर थोडं लांब कापलेलं असतं आणि लष्करी पुंगळी (काडतुसाचं पितळी आवरण) जाड असते. .३०८ च्या व्यापारी मापात ‘गो’ (ज्यावर बोल्ट बंद व्हायला हवा ते गेज) १.६३० इंच आणि ‘फील्ड’ (ज्यावर होता कामा नये ते) १.६३८ इंच आहे. लांब चेंबरात पातळ पुंगळी जास्त ताणली जाते. दाबाचे आकडे शेजारी ठेवून ‘.३०८ बासष्ट हजार, नाटो फक्त पन्नास हजार’ असं सांगतात, ती तुलना चुकीची आहे. एक आकडा पीझो मापकाचा, दुसरा तांब्याची गोटी दाबून काढलेला. तरीही आमचं मत स्पष्ट आहे: या रायफलीत १४७ ते १५० ग्रेनच्या गोळीची, ७.६२ च्या दर्जाची काडतुसंच घाला, आणि शिकारीसाठीची जड, वेगवान .३०८ टाळा. मागे लॉक होणारी ॲक्शन आहे, तिला सतत पराकाष्ठेच्या दाबाला लावू नये.

छोट्या नळीची, पुढे शंकूसारखा फ्लॅश हायडर (तोंडाची ज्वाळा लपवणारा भाग) असलेली ‘२ए१ जंगल कार्बाइन’ दिसली तर ती आयातदारांनी कापून केलेली आहे. खऱ्या जंगल कार्बाइनमध्ये, म्हणजे नंबर ५ मध्ये, वजन घटवायला नळीच्या मुळाशी आणि रिसीव्हरवर धातू कोरून काढलेला असतो.

बर्मिंगहॅम. पुन्हा भरलेल्या .३०३ च्या पुंगळ्या तिसऱ्या-चौथ्या वेळी बुडाजवळ तुटतात. हेडस्पेस गेजने ठीक आहे.

हेडस्पेस ठीक असूनही हे होतं. खंदकातल्या चिखलात काडतूस अडकू नये म्हणून चेंबर ऐसपैस कापलं होतं, आणि व्यापारी पुंगळ्यांची रिम लष्करीपेक्षा पातळ असते. पहिल्याच वेळी पुंगळी पुढे फुगून चेंबरचा आकार घेते. तुम्ही फुल-लेंग्थ डायने (पुंगळी पूर्ण लांबीत मापात आणणाऱ्या साच्याने) तिचा खांदा परत मागे ढकलता, आणि पुढच्या वेळी ती पुन्हा बुडाच्या वरच्या भागातून ताणली जाते.

फक्त मान साइझ करा, आणि त्या पुंगळ्या त्याच रायफलीसाठी ठेवा. अगदी नव्या पुंगळीला पहिल्या वेळी रिमच्या पुढे पातळ रबरी ओ-रिंग घातली तर ती बोल्टच्या तोंडाला टेकून राहते आणि ताण बुडावर न येता खांद्याकडे फुगतो. दर वेळी तपासणी करा. पेपरक्लिपची तार सरळ करून टोकाला २ मिलिमीटरचा काटकोन वाकवा, टोक घासून अणकुचीदार करा आणि पुंगळीत आतून बुडापासून वर ओढा. बुडाच्या थोडं वर तार खाचेत अडकली तर ती पुंगळी पक्कडीने चेपून टाकून द्या. बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसतं, पण ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तुटक्या पुंगळीचा पुढचा भाग चेंबरात राहिला तर दुसरं काडतूस कोंबू नका. तो ओढून काढायचं हत्यार मिळतं, ते पेटीत असू द्या.

पुणे. आजोबा सैन्यात होते. तशी .३०३ परवान्यावर घरी ठेवता येईल का?

नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .३०३ आणि ७.६२ बोअरच्या बोल्ट-ॲक्शन रायफली प्रतिबंधित वर्गात येतात, पोलिसांकडे असलेली .४१० मस्केटही. सामान्य परवान्यावर घेता येईल अशी जवळची रायफल म्हणजे इशापूरची .३१५ स्पोर्टिंग. ॲक्शन त्याच कुळातली, काडतूस वेगळं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुरातन शस्त्राला कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ते चालणार नाही हे ठरवणं तुमच्या हातात नाही. घरात अशी वस्तू सापडली तर ती घेऊन फिरू नका. पोलीस ठाण्याला लेखी कळवून पुढची सूचना घ्या.

सिडनी. क्लिपने भरलं की तिसरी गोळी अडकते.

रिम एकमेकांत अडकते आहे. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या पुढे हवी. पाच गोळ्यांच्या क्लिपमध्ये पहिली, तिसरी, पाचवी खाली आणि दुसरी, चौथी वर अशी लावा. मग क्लिप कशीही उलटी धरली तरी चालते. सुट्या गोळ्या भरताना प्रत्येक गोळी आधीच्या रिमच्या पुढे ठेवून दाबा.

लंडन. नंबर ४, शंभर यार्डावर सहा इंच वर लागते.

मागच्या घडीच्या साइटचं लढाईचं छिद्र ३०० यार्डासाठी आहे, त्यामुळे शंभरवर गोळी वर जाणारच. मायक्रोमीटर साइट असेल तर तिच्या सर्वांत खालच्या, २०० च्या खुणेवर या. तरी उरलेलं वर जाणं फोरसाइटची (पुढच्या साइटची) पाती बदलून काढा. उंच पाती, खाली गोळी. पात्यांच्या उंचीत ०.०१५ इंचाची पायरी असते, आणि नंबर ४ वर एक पायरी शंभर यार्डावर साधारण दोन इंच सरकवते. नंबर १ वर दोन साइटमधलं अंतर कमी असल्याने तीच पायरी पावणेतीन इंच सरकवते.